मदत हवी आहे: ड्यूटी सांभाळून सिस्टर्सचं ट्रेनिंग कसं बसवता?

नमस्कार. मी ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमची इन्चार्ज आहे. आमच्या सहाजणींपैकी तिघींचं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पुढच्या वर्षी रिन्यू करायचंय. ५ वर्षांत १५० तास सीएनई (नोकरीत असताना करायचं नर्सिंगचं शिक्षण) लागतं, एकीचे जेमतेम ७० भरलेत. मग काय, वेबिनार! मोबाइल टेबलावर बोलतोय आणि बाई पेशंटचं बीपी बघतेय. सर्टिफिकेट मात्र रंगीत येतं.

तासांचं एक वेळ भागेल. गेल्या महिन्यात नाईटला एक बाळ रडलं नाही. ड्यूटीवरच्या सिस्टरचं नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं ट्रेनिंग झालेलं, प्रमाणपत्र फाइलला आहे. बाळ पुऱ्या दिवसांचं आणि हिने घाईत श्वास द्यायच्या पिशवीला ० नंबरचा, कमी दिवसांच्या बाळाचा छोटा मास्क लावला. कडेने हवा जातेय, छाती हलत नाही. शेवटी १ नंबरचा मास्क मावशींनी काढून हातात दिला. बाळ छान आहे, पण पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

तेव्हापासून दुपारी दोनच्या हँडओव्हरला २० मिनिटं सराव घेते, जत्रेतल्या प्लास्टिकच्या बाहुलीवर. तिची छाती काही वर येत नाही, पण मास्क धरणं, मान किंचित मागे, ‘दाब-दोन-तीन’ हा ताल हाताला बसतो. घोडं अडतं एसटीपाशी. सकाळवालीची गाडी सव्वादोनला, पुढची थेट साडेचारला. थांब कसं म्हणू?

कौन्सिलची आधी परवानगी काढून रुग्णालयातच सीएनई कुणी घेतलंय का? आणि खरी डमी महिनाभर उसनी कुठे मिळेल? डॉक्टरांना बोलावलं की स्लाइड सुरू होतात, तेवढं नको.

प्रतिसाद

ताई, जवळच्या नर्सिंग कॉलेजला गाठा. अर्ज त्यांनी करायचा, जागा तुमची. डमीही त्यांच्या स्किल लॅबमध्ये असते, सुट्टीत पडूनच असते. हँडओव्हरच्या सरावाला मात्र मस्टर लावू नका, सही करून निघून जातात. आम्ही नाईटला अकरानंतर, वॉर्ड निवला की दोघी-दोघी करतो.

पीपीएचचाही (बाळंतपणानंतरच्या जास्त रक्तस्रावाचा) सराव घ्याच, अगदी फ्रिजमधून त्यावरचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन काढण्यापासून. आमच्याकडे पहिल्याच दिवशी कळलं, फ्रिजला कुलूप आणि चावी स्टोअरच्या दादांच्या खिशात, दादा घरी.

धागाकर्ती

अगं बाई! आमची चावी कुठे असते, आत्ता बघून येते.