शिवलेली नऊवारी फक्त ढोलपथकातल्या मुलींसाठी विकू का?

काष्टा_खारेगाव
कळव्याला खारेगावात राहते. हॉलमध्ये दोन मशिनी टाकून नऊवारी शिवते, हे चौथं वर्ष. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी, मागाल ती. इन्स्टाचं पान भाच्याने काढून दिलं. त्याच्याच सांगण्यावरून पाडव्याआधी दहा दिवस रोज ३०० रुपयांची जाहिरात चालवली. ठाणे ते पनवेल, वय १८ ते ६५, सगळ्या बायका. वर १८ टक्के जीएसटी धरून ३,५४० रुपये गेले. मेसेज दोनशेच्या वर आले, त्यातले निम्मे नुसतेच 'प्राइस?'. सांगितली की गायब. ऑर्डरी नऊ, त्यातल्या दोन कमरेला घट्ट म्हणून परत.

गंमत म्हणजे त्या नऊमधल्या चार एकाच ढोलपथकातल्या मुलींच्या, आणि भावात एका शब्दाने घासाघीस नाही. त्यातली एक घरी आली, ढोल बांधतात तशी कमरेला ओढणी आवळून दाखवली. म्हणाली, काकू, रेडीमेड नऊवारीच्या निऱ्या पट्ट्याखाली गोळा होतात, आणि ढोलासकट खाली बसलं की काष्टा मागून उसवतो. मग मी निऱ्या कमरेपासून वीतभर टाचून टाकल्या, आसनाला आतून चौकोनी तुकडा जोडून दुहेरी शिलाई मारली. लांबी घोट्याच्या चार बोटं वर, कापड सुती. फोनसाठी डावीकडे खिसा. एकही परत आली नाही.

आता पान फक्त ह्याच मुलींसाठी करावं का? सासूबाई म्हणतात, दारात आलेलं गिऱ्हाईक हाकलू नये. मुंजीला, डोहाळजेवणाला साडी घेणारी बाई ढोलाचा फोटो बघून पुढे जाईल, ही धास्ती मलाही आहेच.

निवट्या_घणसोली
ताई, जाऊ दे की पुढे.

आमचा आगरी मसाला. दोन वर्षं 'घरगुती मसाला' म्हणून जाहिरात केली. त्या नावाचे मसाले गल्लोगल्ली. मग आईच्या बोलण्यातूनच पाटी सापडली: 'खाडीच्या मासळीचा मसाला'. फोटो निवट्यांचा, चिखलासकट. निवटी बघून तोंड वाकडं करणारा माणूस घेणार नव्हताच, नुसता भाव विचारून वेळ खाणार होता. ज्याच्या घरी निवट्या शिजतात तो मात्र थांबतोच, आणि पहिला प्रश्न भावाचा नसतो, 'चिंच घालायची का वरून?' असा असतो.

सेटिंगमध्ये 'ढोलपथकवाल्या मराठी मुली' शोधत बसू नका. मी 'आगरी-कोळी' शोधण्यात एक आख्खा रविवार घालवलाय. धर्म, वंश, आरोग्य, राजकीय मतं असल्या नाजूक गोष्टींवरून माणसं निवडायची सोय मेटाने, म्हणजे इन्स्टाच्या मालक कंपनीने, जानेवारी २०२२ मध्येच काढून टाकली. वय आणि गाव तेवढं सेटिंगमध्ये ठेवा, बाकी निवड फोटो आणि पहिली ओळ करते.

आणि चिकनचा मसालाही मागतात माझ्याकडे. देतो. पाटीवर लिहीत नाही, एवढंच. सासूबाईंना सांगा, दार उघडंच आहे, पाटी बदलतेय.

डबेवाला_नव्हे
थोडं उलटं बोलतो. मी बारीक गिऱ्हाईक निवडूनच आपटलोय. ऐरोलीत आयटी पार्कांतल्या रात्रपाळीवाल्यांसाठी डबा काढला होता. कागदावर फक्कड. पण एक ह्या कंपनीत, दुसरा त्या, दर आठवड्याला पाळी बदलणार, आणि कुणी कुणाला ओळखत नाही. प्रत्येक गिऱ्हाईक नव्याने, जाहिरातीचे पैसे टाकूनच मिळवायचं. सात महिन्यांत बंद.

तुमच्याकडे तसं नाही. पथक एका जागी जमतं, त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो. एकीची साडी चाळीस जणी बघतात. म्हणून करा.

मात्र पाडवा आणि गणपती सोडून उरलेले महिने काय शिवणार, ते आधी वहीत मांडा. आणि ते 'प्राइस?'वाले नंबर व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टला टाकायचे मनात असेल तर सोडून द्या. एका यादीत २५६ बसतात खरे, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. त्यांनी कशाला केला असेल?

ठेका_नौपाडा
काकू, मी वाजवते म्हणून सांगते.

गणपतीची जाहिरात ऑगस्टमध्ये लावाल तर उशीर. आमचा सराव पावसाळ्याच्या तोंडाला सुरू होतो आणि कपड्यांचं तेव्हाच ठरतं. एकेकटी मुलगी ठरवत नाही, पथकाचा रंग एक असतो. वीस जणींना एकाच काठाचं कापड द्याल का, हे पहिलं विचारतील. ठाण उचलायची तयारी ठेवा.

खिसा डावीकडे नको. आमच्याकडे सगळ्यांचा ढोल तिथेच घासतो, माझ्या फोनची काच तशीच गेलीय. उजवीकडे, जरा मागे.

काष्टा_खारेगाव
सगळ्यांचे आभार. निवट्यादादा, तुमची पाटीची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली. 'चिंच घालतात का?' एवढंच विचारलं त्यांनी. म्हणजे पटलं असावं.

पहिली ओळ बदलली: 'ढोल बांधून खुशाल बसा, उसवणार नाही.' फोटो मागून काढलाय, भाचीला खाली बसवून, आसनाची शिलाई दिसेल असा. डिसेंबरात शाळांच्या गॅदरिंगला लहान मुलींच्या साड्या भाड्याने देते, ते शेजारणींच्या तोंडूनच चालतं, पानावर टाकत नाही. मधले महिने अजून कोरेच आहेत वहीत.

ठेका, खिसा उजवीकडे घेतला तर टिपरूची काठी धरलेला हात अडणार नाही ना? रविवारी एक शिवून ठेवते. नौपाड्याला आणून देईन, बांधून बघशील?