करमण्यासाठी हाताला काम हवे

ज्येष्ठांच्या निवासात सोयी असूनही करमत नाही, म्हणून तिथे कार्यक्रम वाढवावेत, असे मत मांडले जाते. त्यातली करमत नसल्याची तक्रार पटते. पण कार्यक्रम वाढवणे हा उपाय मला अपुरा वाटतो. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीसाठीच्या २००७ च्या कायद्याने जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार ज्येष्ठांच्या वृद्धाश्रमाची तरतूद केली, तीत छप्पर आहे, शेजार नाही. माझी मावशी जळगावजवळच्या निवासात दोन महिने गप्पच होती. हिवाळ्यात भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची ठरली, तेव्हा आचाऱ्याचा हात थांबवून, देठ धरून वांगे कसे फिरवायचे हे तिने दाखवले आणि भोवती जमलेल्या बायकांशी ती प्रथमच अहिराणीत मोकळेपणाने बोलली. स्वयंपाकघराचे दार रहिवाशांना बंद ठेवणारा कोणत्याही निवासाचा नियम म्हणूनच मला अत्यंत चुकीचा वाटतो.