मदत हवी आहे: मदरबोर्ड गेला, पण बाबांचं विंडोज ७ आणि नाटकांच्या फाइल्स जशाच्या तशा हव्यात

नमस्कार. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरचा पीसी गेल्या आठवड्यातल्या गडगडाटानंतर सुरूच होत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीन मात्र काळी. शेजारच्या मुलाने दुसरा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि दुसरी रॅम लावून बघितली, काही फरक नाही. कॅबिनेट उघडलं तर तळाशी दसऱ्याच्या झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, आणि प्रोसेसरशेजारचे तीन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. एकातून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलंय. मागचे यूएसबी पोर्ट हिरवट पडलेत.

मशीन २०१२ चं. एच६१ बोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी डीडीआर३, ५०० जीबीची साटा हार्डडिस्क. विंडोज ७ तेव्हा दुकानातून डब्यासकट विकत घेतलेलं, त्याची प्रॉडक्ट की जपून ठेवली आहे.

म्हापशातल्या एका दुकानात विचारलं. ते म्हणाले, एच६१० बोर्ड आणि बाराव्या पिढीचा आय३ घ्या, आम्ही फॉर्मॅट मारून विंडोज ११ टाकतो, फाइल्स कॉपी करून देतो. फाइल्स कॉपी होतील हो, पण नुसत्या फाइल्स घेऊन बाबा करणार काय?

माझे बाबा ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गावच्या काल्याला (देवळातल्या उत्सवाला) आणि आजूबाजूच्या जत्रांना होणाऱ्या मराठी नाटकांच्या ६३ संहिता त्यांनी पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केल्या आहेत. काही जुन्या मंडळींच्या हातच्या वह्यांवरून उतरवलेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच वह्या नंतर वाळवीने खाल्ल्या. म्हणजे आता त्या नाटकांची एकमेव प्रत या डिस्कवर आहे. फॉन्ट जुने, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी अक्षरं) नव्हेत. तीच फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली की बाराखडीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मराठी सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (परवान्याची पेनड्राइव्हसारखी किल्ली) लागतं, ते बनवणारा आता फोन उचलत नाही. आणि बाबांची बोटं टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेली, दुसरी मांडणी त्यांना आता शिकवता येणार नाही.

जुनी डिस्क तशीच नव्या बोर्डाला लावली तर विंडोज ७ सुरू होईल का? चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) तालमी सुरू होतात, त्याआधी काहीतरी व्हायला हवं.

प्रतिसाद १

ताई, विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. सोडून द्या ते. विंडोज ११ घ्या, युनिकोड शिका.

प्रतिसाद २ (फोंड्याहून)

वरचा सल्ला नव्या माणसाला ठीक आहे, ७६ वर्षांच्या माणसाला नाही.

ताई, सगळ्यात आधी एक विनंती. ती डिस्क कुठल्याही बोर्डाला लावून सुरू करून बघू नका. एकच प्रत आहे ना? मग आधी प्रत काढा. डिस्क लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारा साटा-यूएसबी ॲडॅप्टर मिळतो. साडेतीन इंची डिस्क असल्याने सोबत १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेलाच घ्या, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. लॅपटॉपला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत बघा. पिवळं किंवा लाल दिसलं तर तिथेच थांबून इथे लिहा. निळं असेल तर क्लोनझिला या डिस्कची हुबेहूब प्रत (क्लोन) काढणाऱ्या प्रोग्रॅमचा पेनड्राइव्ह करून तेवढ्याच किंवा मोठ्या नव्या डिस्कवर अख्खी प्रत काढा. नुसता डी ड्राइव्ह नको. फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, डोंगलचा ड्रायव्हर हे सगळं सी ड्राइव्हमध्ये असतं. क्लोन करताना कुठली डिस्क मूळ आणि कुठली रिकामी, हे दोनदा वाचा. तिथे उलटं झालं की सगळं गेलं.

आता एच६१० बद्दल. ती डिस्क त्यावर चालणार नाही. तुमचं विंडोज ७ बहुतेक जुन्या बायॉस (मशीन सुरू करणारी बोर्डावरची प्रणाली) पद्धतीने, एमबीआर या जुन्या रचनेच्या डिस्कवर बसवलेलं असणार. नव्या बोर्डांना यूईएफआय ही नवी पद्धत लागते. जुन्या पद्धतीसाठी सीएसएम नावाची सोय असायची, पण इंटेलच्या ५०० मालिकेपासून पुढे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर ती चालत नाही. त्यात बाराव्या पिढीच्या ग्राफिक्सला विंडोज ७ चा ड्रायव्हरच नाही, आणि विंडोज ७ ला यूएसबी ३ मुळात कळत नाही, त्यामुळे कीबोर्ड-माउससुद्धा मुके राहतील.

तुम्हाला हवा आहे तो जुनाच बोर्ड. एच६१, एलजीए ११५५ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा), सेकंडहँड. तुमचा प्रोसेसर आणि रॅम त्यावर तशीच बसते. चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) तोच असल्याने विंडोज फारसं बिथरत नाही. खरेदीआधी दुकानातच चालवून बघा आणि कपॅसिटर सपाट आहेत ना ते बोट फिरवून तपासा.

बायॉसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीई किंवा एएचसीआय) बघायला विसरू नका. जुना आयडीई होता आणि नव्यावर एएचसीआय असेल, तर निळ्या स्क्रीनवर ०x००००००७बी हा कोड येतो आणि मशीन फिरून फिरून रीस्टार्ट होतं. घाबरू नका, मोड बदला, बस्स. बोर्डावरचा सीआर २०३२ सेलही नवा घाला.

मूळ लेखिका

मनापासून आभार. डिस्क निळी आली. क्लोनला पावणेतीन तास लागले, मध्येच वीज गेली तर काय होईल म्हणून मी लॅपटॉपसमोरून हललेच नाही. मूळ डिस्क आता कपड्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. बोर्डाची चौकशी सुरू आहे.

प्रतिसाद ३

तांदळातून काढा ताई, पीठ आणि धूळ बसते. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

मशीन सुरू झालं की लगेच डिस्क२व्हीएचडी हा प्रोग्रॅम चालवा. चालू विंडोजची एक मोठी फाइल बनते, ती व्हर्च्युअलबॉक्स या कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली की विंडोज ११ च्या आत तुमचं जुनं विंडोज ७ चालतं. व्हीएचडीएक्सची खूण काढा, साधी व्हीएचडी ठेवा. यूएसबी डोंगल आत सोपवता येतं. बोर्ड पुन्हा गेलाच तर बाबांचं काम अडणार नाही. आणि ते विंडोज ७ नेटला जोडू नका, केबलच काढून ठेवा.

मूळ लेखिका

कळवायला उशीर झाला. मडगावात जुन्या सामानाच्या एका दुकानात एच६१ मिळाला. पहिल्या वेळी सांगितलात तोच निळा कोड आला. बायॉसमध्ये एएचसीआयचं आयडीई केलं आणि विंडोजचा झेंडा दिसला. मग ड्रायव्हर शोधत दहा मिनिटं घरघर, दोनदा रीस्टार्ट, आणि बाबांचा डेस्कटॉप, प्रत्येक आयकॉन आपापल्या जागी. ॲक्टिव्हेशन मागितलं, ते फोनवरून झालं.

डोंगलचा हिरवा दिवा लागला तेव्हा बाबांनी चष्मा पुसला. पेजमेकर उघडून त्यांनी एका संवादातली वेलांटी दुरुस्त केली, जी म्हणे गेल्या काल्यापासून त्यांच्या डोक्यात होती.

व्हीएचडी झाली आहे. आता रोज रात्री जेवणानंतर एकेक संहिता पीडीएफ करतेय. ६३ पैकी ४१ झाल्या. त्या संपल्या की जुना फॉन्ट युनिकोडमध्ये नेण्याबद्दल वेगळं विचारीन, जोडाक्षरं कशी येतात ते आधी एका नाटकावर करून बघते.