संमतीने घटस्फोट: सहा महिने थांबावंच लागतं का?

प्रश्न (सिंहगड रोड): लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं. दोघं दीड वर्षाहून जास्त वेगळे राहतात, मूल नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज चालू. शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात अर्ज टाकायचाय. सहा महिने माफ होतात का?

पेठकर: होऊ शकतात. कलम 13-ब नुसार अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहणं सक्तीचं. अर्जानंतर हुकमाआधी थांबायचे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने 2017 च्या अमरदीप सिंग निकालात सांगितलंय. पण अर्जाआधीच दीड वर्ष झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी-वाटणी मिटलेली हवी. माफीचा अर्ज घटस्फोटाच्या पहिल्या अर्जानंतर आठवड्याने टाकता येतो. मिळेलच असं नाही, न्यायाधीशांची मर्जी.

कागदवाला: घोडं अडतं ते फ्लॅटपाशी. संमतीच्या अटींत ‘कर्ज नवरा फेडेल’ लिहिलं तरी बँकेला ते बंधनकारक नाही. हप्ता थकला की सहकर्जदार म्हणून बायकोलाही नोटीस. आधी बँकेकडून कर्जातून तिचं नाव कमी करून घ्या, हक्कसोडपत्र नोंदवा. आणि ‘सर्व दागिने परत’ असं मोघम नको. पाटल्या दोन, अमुक ग्रॅम, अमुक तारखेला मिळाल्या, असं लिहा.

पेठकर: बरोबर. शिवाय घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊन मोकळं होऊ नका, शेवटचा डीडी अंतिम तारखेला द्या.