आयटीत युनियन: संपासाठी नको, सहीसाठी हवी. पटतंय का?

पार्कचौक
सोलापुरात आता दोन तऱ्हेचे आयटीवाले आहेत. एक, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारे. दुसरे, इथल्याच पंधरा-चाळीस माणसांच्या कंपन्यांत सपोर्ट, बिलिंग, टेस्टिंग करणारे. युनियन म्हटलं की दोघांनाही गिरणीचं बंद फाटक आठवतं. माझ्या मते आयटीत युनियन पगारवाढीसाठी नको आणि संपासाठी तर नकोच. ती हवी राजीनाम्यावरच्या एका सहीसाठी.

आयटीत माणसाला काढत नाहीत, त्याच्याकडून राजीनामा घेतात. एचआर बोलावतं: पोर्टलवर राजीनामा टाका, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ देतो, नाहीतर 'टर्मिनेटेड' लिहावं लागेल. माणूस घाबरून बटण दाबतो. मग कागदावर तो स्वतःहून गेलेला असतो आणि छाटणीच्या भरपाईवर तिथंच पाणी सोडलं जातं. सलग वर्षभर (12 महिन्यांत 240 दिवस) काम केलेल्या कामगाराला छाटणीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढं वेतन मिळतं, शिवाय दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन. महिना 60 हजार आणि नोकरी 6 वर्षं असेल तर 1 लाख 80 हजार, वर नोटिशीचे 60 हजार.

आपण सगळे ज्याला 'ले-ऑफ' म्हणतो ते कायद्याच्या भाषेत ले-ऑफ नाहीच. तिथं ले-ऑफ म्हणजे काम तात्पुरतं बंद, नोकरी शाबूत. आयटीत होते ती छाटणी. तक्रारीत चुकीचा शब्द गेला तर पहिली तारीख तो दुरुस्त करण्यातच जाते.

दक्षिणकसबा
आकडा चुकला, मालक. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत आणि हिशेब त्यातल्या 'वेतना'वर होतो. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता येतो. घरभाडं, प्रवास, ओव्हरटाइम येत नाही. फक्त हे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे 60 हजारवाल्याचं बेसिक स्लिपवर 24 हजार दाखवलं असलं तरी वेतन किमान 30 हजार धरावं लागेल. त्याची 6 वर्षांची भरपाई 90 हजार, नोटिशीचे 30 हजार, आणि छाटणी झालेल्यांच्या पुनर्कौशल्य निधीतून आणखी 15 दिवसांचं वेतन, म्हणजे 15 हजार. ते 45 दिवसांत खात्यात यायला हवं. एकूण 1 लाख 35 हजार.

ग्रॅच्युइटी यात मिसळू नका. ती 5 वर्षं झाल्यावर राजीनामा दिला तरी मिळतेच. 30 हजार गुणिले 15 भागिले 26 गुणिले 6, म्हणजे सुमारे 1 लाख 3 हजार 846.

आता मला सांगा, 1 लाख 35 हजारांसाठी पुढच्या नोकरीची पार्श्वभूमी तपासणी कोण बिघडवून घेईल? तपासणी करणारी एजन्सी जुन्या एचआरला एकच प्रश्न विचारते: पुन्हा घ्याल का? तिथं 'नाही' अशी खूण झाली की विषय संपला. त्यावर युनियन काय करणार?

हॉटस्पॉटवरून
आधी युनियन उभी कशी राहते ते बघा, मग हवी-नको ठरवू. नोंदणीला किमान 7 सभासद लागतात, आणि आस्थापनेतल्या कामगारांपैकी 10 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. 40 जणांच्या कंपनीत 10 टक्के म्हणजे 4, पण 7 शिवाय भागत नाही. पदाधिकाऱ्यांत बाहेरची माणसं एक तृतीयांश किंवा 5, यातली कमी संख्या, एवढीच चालतात. नोंदणी तशी सोपी आहे. संघटना मरते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, कारण वार्षिक विवरणपत्र आणि तपासलेले हिशेब कोणी भरत नाही आणि नोंदणी रद्द व्हायची पाळी येते. वर्गणी गोळा करणारा उत्साही असतो, पावतीपुस्तक सांभाळणारा कोणी नसतो.

मान्यता मिळवणं मात्र डोंगर चढण्यासारखं आहे. एकाहून जास्त संघटना असतील तर वाटाघाटीचा हक्क एकटीला मिळायला हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार लागतात. तेवढे कोणाकडेच नसतील तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्यांची मिळून वाटाघाट परिषद होते. हजारो लोकांच्या कंपनीत, जिथं शेजारच्या प्रोजेक्टमधला माणूस ओळखत नाही, तिथं 51 टक्के कुठून आणणार? म्हणून आयटीतल्या संघटना वाटाघाटीपेक्षा तक्रारींवर जगतात. बंगळुरूची केआयटीयू 2017 साली नोंदली गेली, पुण्याची नाइट्स आहे. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांहून जास्त माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा याच संघटना मंत्रालयांच्या आणि कामगार आयुक्तांच्या दारात गेल्या. कंपनीशी टेबलावर बसून करार केला असं झालं नाही. पार्कचौक यांचा मुद्दा त्यामुळे पटतो, पण अर्धा. सहीच्या वेळी सोबत उभं राहायला युनियनच लागते असं नाही, एक चांगला कामगार वकीलही पुरतो.

पार्कचौक
वकिलाकडे माणूस सही केल्यावर जातो की ओ. सहीच्या आधी फोन कोणाला करायचा, हा खरा प्रश्न आहे.

शटलकॉक
गिरण्या युनियनमुळे बुडाल्या हे इथं लहान पोरगंपण सांगतं. आयटी पार्क व्हावा म्हणून गाव मागणी करतंय आणि आत्ताच झेंडे कसले रोवताय?

दत्तचौकातून
लहान पोरगं सांगतं म्हणून खरं होत नाही. जुन्या यंत्रांवर पैसा न घालणं, यंत्रमागाशी स्पर्धा, हे सगळं बाजूला ठेवून एकटी युनियन कशी बुडवेल? आणि याच गावात विडी कामगार बायकांची संघटना आहे. कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीची 10 हजार घरं उभी राहिली, नंतर रे नगरची 30 हजार घरांची योजना आली आणि जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या 15 हजार घरांचं वाटप झालं. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बायकांनी हे करून घेतलं. लॅपटॉपवाल्यांना मात्र 7 सह्या जमत नाहीत.

दक्षिणकसबा
उदाहरण चांगलं, पण बघा, ती घरं कोणी दिली? कारखानदाराने नाही, सरकारी योजनांनी. विडी कामगारांसाठी वेगळा कायदा होता 1966 चा (तो आता नव्या संहितेत गेला), कल्याण निधीचा 1976 चा. तिथं संघटनेचा दाब सरकारवर पडतो आणि सरकारला मतं मोजता येतात. आयटीत दाब कोणावर टाकणार? कामाचा पैसा ज्याच्याकडून येतो तो क्लायंट डलासमध्ये बसलाय, त्याला सोलापूर नकाशात सापडणार नाही.

सर्व्हरखोली
लहान कंपनी चालवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, शिव्या घाला.

30 माणसांच्या सपोर्ट कंपनीकडे बहुधा एकच मोठा क्लायंट असतो. करारात एक ओळ ठरलेली: 30 दिवसांच्या नोटिशीवर, कारण न देता काम थांबवता येईल. आता संपाचं गणित मांडा. नव्या संहितेत कुठल्याही उद्योगात संपाआधी 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. बेकायदा संपात कामगाराला 1 हजार ते 10 हजार दंड, महिनाभराची कैद किंवा दोन्ही. पण खरं नुकसान दंडाचं नाही. ते 14 दिवस क्लायंटला हवेच असतात. तेवढ्यात तो तिकिटांची, म्हणजे सपोर्टच्या तक्रारींची, रांग दुसऱ्या व्हेंडरकडे वळवतो, व्हीपीएन बंद करतो आणि पासवर्ड बदलतो. गिरणीत माग तरी जागेवर राहायचे. इथं संप सुरू व्हायच्या आत काम निघून गेलेलं असतं.

त्यापेक्षा 20 किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती कायद्यानेच करावी लागते. मालक आणि कामगार समसमान, जास्तीत जास्त 10 जण. आधी ती मागा. बहुतेक ठिकाणी ती कागदावरही नाही.

हॉटस्पॉटवरून
समितीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. कायद्यातलं एक भोक सांगतो: वर्षाच्या मुदतीचं नेमणूकपत्र. मुदत संपून नोकरी गेली तर ती छाटणी धरत नाहीत, म्हणजे भरपाई नाही. वर्ष भरलं तर ग्रॅच्युइटी तेवढी प्रमाणात मिळते. नवीन पोरांनी पत्रात पगाराच्या आधी मुदतीची ओळ वाचावी.

मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायच्या बाँडलाही आता कोणी टाकाऊ कागद समजू नये. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2 लाखांचा बाँड वैध ठरवला. तो निकाल सरकारी बँकेच्या संदर्भातला आहे, खाजगी कंपनीला खर्च आणि नुकसान पटवून द्यावं लागेल, पण 'काही होत नाही रे' हा सल्ला धोक्याचा.

गड्ड्याचीगर्दी
टीम लीड कामगार धरतात का? पगार 90 हजार आहे.

दक्षिणकसबा
पगाराने ठरत नाही. तांत्रिक काम करणारा कितीही पगार घेत असला तरी कामगार. 18 हजारांची मर्यादा फक्त देखरेखीचं काम करणाऱ्याला लागू. बघतात ते हे: रजा मंजूर कोण करतं, मूल्यमापन कोण लिहितं, माणूस घेणं-काढणं कोणाच्या हातात आहे. दिवसाचे सहा तास कोड लिहिणारा 'लीड' कामगार ठरू शकतो. पण पोर्टलवर चार जणांच्या रजा त्याच्या लॉगिनने मंजूर झालेल्या असतील तर कंपनी पहिला कागद तोच पुढे करेल.

गड्ड्याचीगर्दी
आणि राजीनामा मागितलाच तर त्या दिवशी नेमकं काय करायचं?

पार्कचौक
मीटिंगमध्ये सही नाही, क्लिक नाही. 'लेखी द्या, वाचून कळवतो' एवढंच म्हणा. मग त्याच दिवशी स्वतःच्या खाजगी ईमेलवरून एचआरला लिहा: "आज दुपारी 4 वाजता झालेल्या बैठकीत मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. मी राजीनामा देऊ इच्छित नाही. मला सेवेतून कमी करायचे असल्यास लेखी आदेश द्यावा." बास. रागाचं एकही वाक्य नको.

चूक होते ती पुराव्याच्या वेळी. लोक ऑफिसचे मेल भराभर स्वतःच्या जीमेलवर पाठवतात. ते माहिती सुरक्षा धोरणाचं उल्लंघन ठरतं आणि कंपनीला आयतं कारण मिळतं. नेमणूकपत्र, पगारस्लिपा, मूल्यमापनाची पत्रं ही तुमची स्वतःची कागदपत्रं नोकरी चालू असतानाच उतरवून ठेवा. क्लायंटच्या नावाचं काहीही नको.

दक्षिणकसबा
एवढं मान्य. एक जोडतो: घरून काम असेल तर कामाचं ठिकाण सोलापूर असल्याचा एक तरी मेल एचआरकडून आधीच घेऊन ठेवा. नेमणूकपत्रात पुणे असेल तर कंपनी सोलापूरच्या सहायक कामगार आयुक्तांसमोर अधिकारक्षेत्राचाच वाद काढते. आणि समेटासाठी मुदत आता 2 वर्षांचीच आहे, पूर्वीसारखी 3 नाही. 'आधी दुसरी नोकरी बघू, मग बघू' म्हणणाऱ्यांची ती तिथंच संपते.