दोन हजारांतले इअरफोन: ड्रायव्हर मोजू नका, डग्गा ऐका

खर्ज

आमच्या गाण्याच्या ग्रुपवर सारखी एकच विचारणा होते: दोन-अडीच हजारांत वायरवाले इअरफोन कोणते घ्यावेत? त्यावर लोक लगेच ड्रायव्हरचे (आवाज काढणाऱ्या आतल्या भागांचे) आकडे टाकतात. एका कानात चार ड्रायव्हर असले की भारी, एकच असला की साधा. हे मला साफ अमान्य आहे, म्हणून हा धागा.

मी मुख्यतः ख्याल ऐकतो आणि माझी परीक्षा ठरलेली आहे. विलंबित लयीत तबलजी डग्ग्यावर तळहात दाबत पुढे सरकवतो, तेव्हा तो घुमारा खालून वर चढतो. हा चढ सलग ऐकू यायला हवा. ज्या इअरफोनमध्ये दीडशे ते अडीचशे हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज फुगवलेला असतो, तिथे नुसतं 'धप्प' होतं आणि त्याच फुगवट्याखाली तानपुऱ्याचा खर्जही दबतो. दुसरी परीक्षा जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेच्या झणकाराची. तार छेडल्यावर वरचे स्वर एकेक करून उलगडत जातात की नुसती चरचर ऐकू येते, ते पाहायचं.

मूनड्रॉप चू २ मध्ये १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक (छोट्या स्पीकरसारखा पडदा हलवणारा) ड्रायव्हर आहे. गळा आणि पेटी स्वच्छ, डग्गा बेताचा पण त्याचा आकार शाबूत. वरच्या पट्टीत किंचित धार आहे, बासरी जोरात लावली तर जाणवते. ट्रुथइअर झीरो रेडमध्ये दोन डायनॅमिक ड्रायव्हर आहेत. गायकाचा आवाज मला यात सर्वांत खरा वाटला. सोबत मिळणारा १० ओहमचा अ‍ॅडॉप्टर लावला की बेस वाढतो. ख्यालाला मी तो काढून ठेवतो. केझेड झेडएसएन प्रो एक्समध्ये एक डायनॅमिक आणि एक बॅलन्स्ड आर्मेचर (बारीक पत्ती हलवून आवाज काढणारा ड्रायव्हर) आहे. बेस आणि ट्रेबल दोन्ही वर, मधला भाग खाली. तबल्यावर 'ना' वाजला की कानाला बोचतो आणि गायक दोन पावलं मागे उभा राहून गातोय असं वाटतं.

श्युअर एसई२१५ ची किंमत बरीच जास्त, पण लोक नाव हटकून घेतात म्हणून सांगतो. आवाज गुबगुबीत आणि वरून झाकलेला. बाहेरचा गोंगाट मात्र फार चांगला अडवतो.

आर्मेचर वाईट असं मी म्हणत नाही. ते तंत्र इअरफोनमध्ये आलं श्रवणयंत्रांतून. १९९१ मध्ये आलेल्या एटिमोटिक ईआर-४ मध्ये कानाला एकच आर्मेचर होतं, आणि जाणकार आजही त्याचं नाव आदराने घेतात. आकड्याने काही होत नाही, ट्युनिंग (कुठली पट्टी किती वर, किती खाली ठेवायची ते) कोणी आणि कसं केलं यावर सगळं आहे.

ठाणे_स्लो

असहमत. तुम्ही रात्री शांत खोलीत ऐकता. मी सकाळच्या लोकलमध्ये दारापासून चार माणसं आत उभा राहून ऐकतो. गाडीचा खडखडाट बहुतेक खालच्या पट्टीतला असतो आणि तो पहिल्यांदा गिळतो बेस. तुमचा 'बेताचा डग्गा' मुलुंडपर्यंतसुद्धा टिकणार नाही. केझेडचा वाढवलेला बेस त्या आवाजातून वर येतो आणि गाणं भरलेलं वाटतं. मी ख्याल ऐकत नाही. ढोल-ताशा, रॅप, जुनी लावणी ऐकतो. या सगळ्याला ठोका लागतो. याला वाईट ट्युनिंग म्हणायचं असेल तर म्हणा, माझ्या वापराला तेच योग्य आहे.

मापपट्टी

दोघेही आवडीबद्दल बोलताय. ही गोष्ट मोजता येते. कानाच्या नळीसारखा कपलर असतो, त्यात इअरफोन बसवून कुठल्या पट्टीत किती आवाज येतो त्याचा आलेख काढतात. हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांवर चाचण्या घेऊन बहुतेकांना आवडणारी एक रेघ ठरवली. झीरो रेड आणि चू २ तिच्या आसपास फिरतात, प्रो एक्स वरच्या पट्टीत तिच्यापासून लांब जातो. खर्ज यांना 'ना' बोचतो तो त्यामुळेच. आणि लोकलसाठी बेस हवा असेल तर फोनच्या इक्वलायझरमध्ये वाढवा, फुकट आहे. बिघडलेलं ट्रेबल मात्र इक्वलायझरने नीट करणं कटकटीचं, कारण तिथले सुळके अरुंद असतात आणि प्रत्येकाच्या कानात थोडे वेगळ्या जागी येतात.

खर्ज

तुमच्या शेवटच्या वाक्यानेच तुमचा मुद्दा अर्धा पडला. कपलरमध्ये आठ हजार हर्ट्झच्या आसपास जो सुळका दिसतो, तो इअरफोन किती आत बसवलाय त्यावर सरकतो. माझ्या कानात तो आणखी कुठे असेल. जवारीची चकाकी बरीचशी वरच्या पट्टीत असते, म्हणजे मला जे ऐकायचंय तिथेच आलेखावर सर्वांत कमी भरवसा ठेवता येतो. खालच्या आणि मधल्या पट्टीपुरता आलेख मी मानतो. अमुक इअरफोन घेऊ नये हे त्यावरून कळतं. अमुक घ्यावा हे कानाने ठरवायचं.

ठाणे_स्लो, तुमची अडचण खरी आहे, पण उपाय चुकतोय. गोंगाटावर बेस चढवायचा म्हणजे एकूण आवाज चढवायचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. लोकलमध्ये व्हॉल्यूम वाढवून रोज ऐकणारा माणूस ती सहज ओलांडतो, आणि कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. गोंगाट आधी अडवा. कानात नीट बसणारी टिप (इअरफोनच्या टोकावरची मऊ टोपी) घातलीत तर कमी आवाजातही डग्गा ऐकू येईल.

कथील

आवाजावर तुमचं चालू द्या. मी दुरुस्ती करतो, बांधणीबद्दल लिहितो.

धातूची बॉडी म्हणजे टिकाऊ, हा समज सोडा. बॉडी फुटून कोणी माझ्याकडे येत नाही. येतात ते तीन कारणांनी. पहिलं म्हणजे जॅकच्या मानेशी तुटलेली केबल. फोन खिशात, जॅक वर, माणूस बसतो, वायर तिथेच दुमडते. चू च्या पहिल्या आवृत्तीत केबल जोडलेलीच होती, ती गेली की सगळंच गेलं. चू २ मध्ये केबल वेगळी निघते, आणि नुसत्या या एका बदलासाठी मी ती घ्या म्हणेन.

दुसरं कारण सॉकेट, म्हणजे केबल इअरफोनला जोडते ती जागा. टू-पिन असेल तर सारखं काढ-घाल केल्याने भोकं सैल होतात, मग मान हलवली की एक बाजू जाते. एमएमसीएक्स हा दुसरा जोड गोल फिरतो, त्यामुळे कानामागे छान बसतं, पण फिरून फिरून आतलं स्प्रिंगचं कडं झिजतं आणि खरखर सुरू होते. मुंबई-कोकणात घाम आणि दमट हवेने तांबं हिरवं पडतं, पारदर्शक केबलमधून ते दिसतंही. त्या हिरवेपणाने आवाजाला लगेच काही होत नाही. पिनांवर गंज चढला तर होतं.

तिसरं कारण कोणी लक्षातच घेत नाही. नॉझलच्या (कानात जाणाऱ्या नळीच्या) तोंडाची जाळी मळाने बुजते. गिऱ्हाईक म्हणतं डावा ड्रायव्हर गेला. उजेडात धरलं की अर्ध्या जाळीवर पिवळट थर दिसतो. टिप काढायची, नॉझल जमिनीकडे करायचा आणि कोरड्या मऊ ब्रशने हलकं झटकायचं. वर धरून घासलं तर मळ आत जातो. चू २ चा पितळी नॉझल आट्यांवर निघतो, त्यामुळे हे काम सोपं.

झीरो रेडची बॉडी रेझिनची, हलकी आहे. दिवसभर घालणाऱ्याला धातूपेक्षा मी हीच सुचवेन. पण नॉझल जाड आहे, ते घेण्याआधी बघा.

ठाणे_स्लो

कथीलभाऊ, तुम्ही सांगितलेली तिन्ही दुखणी वाचून मला वाटतं बिनवायरीचेच बरे. गर्दीत वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकते आणि इअरफोन कानातून उपटला जातो. नॉइज कॅन्सलेशन गाडीचा घुमणारा आवाजच कापतं, म्हणजे खर्ज यांची व्हॉल्यूमची काळजीही मिटली. शिवाय एक बटण दाबून फलाटावरची घोषणा ऐकता येते. टिप घट्ट बसवून बहिरा झालेला माणूस रूळ ओलांडतो तेव्हा काय होतं, हे आम्ही ठाण्याचे लोक जाणतो.

कथील

रुळांचं शंभर टक्के मान्य. स्टेशन परिसरात कान मोकळेच हवेत, इअरफोन कुठलाही असो.

बिनवायरीचं दुखणं वेगळं आहे. आत हरभऱ्याएवढी लिथियम बॅटरी असते, रोज चार्ज-डिस्चार्ज होऊन ती दमते, आणि बॉडी बहुतेक वेळा चिकटवून बंद केलेली असते. उघडताना ती तुटते. वायरवाल्याला नवी केबल घातली की तो पुन्हा उभा राहतो. दुरुस्तीला आलेले बड्स बहुतेक वेळा मी तसेच परत देतो.

मापपट्टी

नॉइज कॅन्सलेशन साधारण हजार हर्ट्झच्या खालीच नीट काम करतं, वरचा गोंगाट टिपच अडवते. म्हणजे बिनवायरीचे घ्या नाही तर वायरवाले, टिपपासून सुटका नाही. आणि खर्ज, ख्यालाच्या जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांत वरच्या पट्टीत मुळातच फारसं काही नोंदलेलं नसतं. तिथे जवारीवरून इअरफोनची परीक्षा घेऊ नका, नव्या ध्वनिमुद्रणावर घ्या.

खर्ज

हे मान्य. परीक्षेसाठी मी अलीकडच्या मैफिलींची स्टिरिओ ध्वनिमुद्रणंच वापरतो.

काळी_चार

मी गाणं शिकते, माझे कान लहान आहेत. मैत्रिणीचे झीरो रेड घातले तर थोड्या वेळात कान दुखले आणि बेस अजिबात आला नाही. तुम्ही तर दोन डायनॅमिक म्हणताय. मग आर्मेचरवाले घेऊ का?

खर्ज

ताई, बेस न येण्याशी ड्रायव्हरचा संबंध नाही. जाड नॉझलमुळे टिप पूर्ण आत गेली नाही, कडेला फट राहिली आणि खालची पट्टी तिथून निसटली. पन्नास हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि इअरफोन बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर सूर एकदम वाढला तर टिप बसत नाहीये. सर्वांत लहान सिलिकॉन टिप लावून पाहा, नाहीतर फोमची. तरी नाही जमलं तर चू २ घालून बघा, त्याचा नॉझल रेडपेक्षा बारीक आहे.

ठाणे_स्लो

आणि दुकानात घालून पाहू देत नसतील तर परत घेण्याची मुदत बघूनच मागवा. काही ठिकाणी पाकीट उघडलं की इअरफोन परत घेत नाहीत.