पथ्याला सोबत कोणाची? तुमचा अनुभव सांगा

परभणीकरीण

मागच्या दिवाळीनंतर रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या सरासरीची साखर ६.३ आली. डॉक्टर म्हणाले, "५.७ ते ६.४ म्हणजे पाहुणी उंबऱ्यात उभी आहे. ६.५ झालं की घरात आली समजा." आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला. अर्धं ताट भाजी, कोशिंबीर आणि फळ, उरलेल्या अर्ध्यात भाकरी आणि वरण-उसळ, वाटीभर दही. कागद फ्रिजवर लावला आणि बरोबर अकरा दिवस पाळला. बाराव्या दिवशी पुतणीचं डोहाळजेवण होतं, तेराव्या दिवशी दमले होते, चौदाव्या दिवशी त्याच कागदाच्या कोपऱ्यात दूधवाल्याचा हिशेब लिहिला.

घरातल्यांना सोबतीला घेऊन पाहिलं. नवरा "उगं एवढ्यानं काय हुतंय" म्हणत वाढणारा. लेक दुसऱ्या टोकाची, माझा प्रत्येक घास मोजणारी. दोघांपासून लपून मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या शेवचिवडा खायला लागले. हे मी पंधरा वर्षांची असतानाही केलं नव्हतं.

सोबत सापडली ती हापिसात. शेजारच्या टेबलावरची बाई. तिचं कोलेस्टेरॉल वाढलेलं, माझी साखर. आमचं ठरलं की डबा आपापला करायचा, पण खायचा एकमेकींचा. परक्याच्या तोंडी जाणाऱ्या डब्याला हात आपोआप आखडतो, हे तेव्हा कळलं. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या डब्याचं झाकण उलटं करून टेबलावर ठेवलं. वांग्याच्या भाजीचं तेल आतल्या कडेनं लाल गोल धरून बसलं होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढं धरलं. बोलली एक शब्द नाही. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर करडईचं तेल लागायचं, आता साडेतीनात भागतं.

तुम्हाला अशी सोबत कोण मिळाली? कुठं गाठ पडली? फसलेलेही सांगा. वजनकाट्याचे फोटो मात्र नकोत.

नांदेडचा जावई

माझी सोबत म्हणजे माझा साडू. बावीस वर्षांत आमच्यात सरळ बोलणं दोनच, "कधी आलात?" आणि "तिकडं पाऊस काय म्हणतोय?" बायकांच्या बहिणी-बहिणींच्या गप्पा चालायच्या, आम्ही दोघं पेपर वाटून घ्यायचो.

२०२३ ला अधिक श्रावण आला. धोंड्याचं जेवण, दोन्ही जावई एकाच दिवशी बोलावलेले. सासुरवाडी कंधार तालुक्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, धोंडा म्हणजे पोटात पुरण भरलेला कणकेचा गोळा, आणि वर तूप. आमच्या सासूबाई तूप वाढत नाहीत, ओततात. वाण म्हणून तेहतीस अनारसे वेगळेच. मी हात धुवायला मोरीत गेलो तर साडूभाऊ भिंतीकडं तोंड करून खिशातून गोळ्यांची पट्टी काढत होते. मी माझी काढली. पाकिटाचा रंग वेगळा, आत औषध एकच. बावीस वर्षांत पहिल्यांदा दोघं मनापासून हसलो.

मोरीतच ठरलं. एकेकच धोंडा घ्यायचा. सासूबाई दुसरा वाढायला आल्या की मी पानावर हात आडवा धरणार आणि ते म्हणणार, "राहू द्या, दादांचं पोट बरं नाही." मग त्यांना वाढायची वेळ आली की मी तेच म्हणणार. झालं असं की आमचं दोघांचं पोट एकाच दिवशी बिघडलेलं ऐकून सासूबाईंनी पळी खाली ठेवली. "दोन जावई, अन् दोघांचीबी तोंडं आंबट! कोणाचं काय चुकलं ते सांगा." तिथं सगळं फुटलं. सासूबाई दोन दिवस रुसल्या आणि तिसऱ्या दिवशी बायकोला फोन करून विचारलं, मग त्यांना वरण-भाकरी तरी चालते का.

तेव्हापासून रोज रात्री नऊला फोन येतो. एकच प्रश्न, "आज काय?" मी सांगायचं, दोन भाकरी, मेथी, ताक. ते सांगणार. मिनिटात फोन बंद. थापा मारायची सोय नाही, कारण बायका बहिणी. तिकडची बातमी इकडं दहा मिनिटांत येते.

तरी एकदा थाप मारली. मे महिन्यातल्या लग्नात बुंदी झाली, एकदा नाही, तीनदा. रात्री सांगितलं, "साधंच जेवलो." आमच्या सौभाग्यवतींनी पंगतीचा फोटो बहिणीला अगोदरच पाठवला होता. साडूभाऊंनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी नऊला फोन, "आज काय?" फोटोचा विषय आजपर्यंत काढला नाही. काढला असता तर मी फोन उचलणं बंद केलं असतं, मला मी माहीत आहे.

लातूर, ट्यूशनची पोर

माझं वजन कमी करायचं नव्हतं, उलट रक्त वाढवायचं होतं. हिमोग्लोबिन ९.२ (बायकांना किमान १२ पाहिजे म्हणे). क्लास, अभ्यासिका, मेस, झोप, एवढंच आयुष्य. गोळ्या चालू होत्या पण आकडा हलेना. सरकारी दवाखान्यातल्या ताईंनी विचारलं, जेवल्यावर काय घेतेस? चहा. तिथंच गोम होती. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

रूममेट माझ्यापेक्षा चहाबाज. दोघींनी ठरवलं, जेवणानंतर तासभर चहा नाही आणि पानात लिंबाची फोड पाहिजेच. मेसवाल्या मावशी आधी म्हणाल्या, "लिंबू काय फुकट येतंय का?" मग रोज आमच्या दोघींपुरतं एक लिंबू कापून ठेवायला लागल्या. अजून एक, तिला शेंगदाण्याचा लाडू आवडायचा नाही, मला पालक. ती माझ्यादेखत लाडू खायची, मी तिच्यादेखत पालक. "काय करलालीस, गिळ ना!" एवढाच आमचा पाठिंबा. चार महिन्यांत ११.४.

बीडचा एसटीवाला

म्या ड्रायव्हर. आमच्या धंद्यात जेवायला वेळ नाही आन् खायला टाइमच टाइम, आसं हाय. दर स्टँडवर चहा, चहासंगं भजी. मांजरसुंब्याला गाडी थांबली की हॉटेलवाला आग्रह करतोय. साखर २८० निघाली तवा डोळ्यासमोर स्टेअरिंगच दिसलं. डोळे गेले तर बॅज गेला.

माझ्यासंगं जो कंडक्टर हुता तो निम्म्या वयाचा, बारीक, काय आजार नाही. मला म्हणला, "मामा, तुमी भजी खाल्ली तर मी बेल मारणार नाही." मला वाटलं थट्टा करतोय. दुसऱ्या दिशी खरंच गाडी भरलेली, मी सीटवर, हा खाली हुबा. पाशिंजर वरडायलेत. "मामांच्या हातातला पुडा टाकू द्या, मग बेल." टाकला. त्यानंतर त्याच्या बॅगीत तिकिटाच्या मशीनसंगं माझा डबा असायचा. दोन भाकरी, मुगाची उसळ, कांदा, काकडी. मुक्कामाच्या गावात बी हाटेल बंद केलं. शाळेच्या वट्यावर बसून जेवायचो दोघं.

आठ महिने चाललं. मग ड्युट्या बदलल्या, तो दुसऱ्या रूटला गेला. नवा कंडक्टर चांगला हाय पर त्याला सोताला भजी लागतात, त्याला काय म्हणणार? एक महिना घसरलो, खोटं कशाला बोलू. आता मी गाडी चालू करायच्या आधी त्या पोराला डब्याचा फोटू पाठवतो. तो कुठल्या का स्टँडवर असंना, उत्तरात निस्तं लिहितो, "टण टण".

वाळूजचा शिफ्टवाला

सगळ्यांना सोबत मिळतेच असं नाही. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, खोलीवर एकटा. सोबतीसाठी ग्रुप काढला, सतरा जण जमले. तीन आठवड्यांत तिथं सुप्रभात आणि साखरेवर कारल्याचे चमत्कार सुरू झाले. बाहेर पडलो. रात्रपाळीला कँटीनमध्ये जायच्या आधी खोलीवर दोन उकडलेली अंडी आणि एक पेरू खातो, म्हणजे तिथं मरणाची भूक लागलेली नसते. आपलं एकट्याचं असंच चाललंय. बरं चाललंय.

वसमतची मावशी

माझं फसलेलं सांगते. माझी सोबत म्हणजे शेजारीण. आधी आम्ही पथ्य करायचो, मग कोण जास्त पाळतं ही शर्यत लागली. तिनं रात्रीची भाकरी सोडली, मी सकाळचीही सोडली. आषाढी एकादशीला तिनं साबुदाणा-भगर काहीच नको, निरंकार करू म्हटलं. तिला साखर नाही, मला आहे. माझी सकाळची गोळी पोटात गेलेली. अकराच्या सुमाराला हातपाय कापायला लागले, घाम फुटला, समोरचं माणूस ओळखू येईना. सुनेनं मशीन लावलं, ५४. तिनं तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली आणि पंधरा मिनिटांनी परत मोजली, म्हणून मी आज लिहितेय.

डॉक्टर ओरडले. उपास करायचा तर गोळीचं आधी विचारायचं, मनानं नाही. शेजारणीशी अबोला नाही, ती चांगलीच आहे. पण तिला मी कोणती गोळी घेते हे कधी सांगितलंच नव्हतं, चूक माझी. आता सून सोबत. ती शर्यत लावत नाही, तिला वेळच नाही.

जालना, आहारतज्ज्ञ (निवृत्त)

परभणीकरीण, तुमचा तेलाचा हिशेब करून बघितला. साडेतीन लिटर भागिले चार माणसं भागिले तीस दिवस, म्हणजे माणशी रोज २९ मिलिलिटर. तेल पाण्याहून हलकं, वजनात ते २७ ग्रॅमच्या आसपास भरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ ला जी आहार मार्गदर्शिका काढली, तिच्या २००० कॅलरींच्या ताटात तेल-तूप तेवढंच आहे. तुमच्या त्या मैत्रिणीच्या बोटाला माझा नमस्कार.

त्याच ताटात बाकी दिवसाचं असं आहे: भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, धान्य २५०, डाळी-कडधान्य किंवा अंडी-मटण ८५, दाणे-तेलबिया ३५, दूध-दही ३०० मिलिलिटर. मी माझ्या घरची ज्वारीची भाकरी थापायच्या आधी तोलली, पीठ ८० ग्रॅम. म्हणजे तीन भाकरींत दिवसाचं धान्य जवळजवळ संपलं. आपल्याकडे खरी अडचण भाजीची. एप्रिल-मे मध्ये पाणी आटतं, भाजी महागते, आणि मग पिठलं, कढी, ठेचा यावर दिवस निघतात. दाण्याचे ३५ ग्रॅम तर ठेच्यातच संपतात! उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्यांचं पथ्य मोडायचं ते मन कच्चं म्हणून नाही, बाजारात गवारीचा भाव ऐकून.

म्हणून मी सोबत निवडायला सांगताना विचारायचे, दोघांचा आठवडी बाजार एक आहे का? एक असेल तर भाजी अर्धी-अर्धी घेता येते, दुधी भोपळा एकट्याच्यानं संपत नाही. आणि सोबतीनं "वजन किती?" विचारायचं नाही. "भाजी कोणती केली?" हे विचारावं. पहिल्या प्रश्नाला माणूस खोटं बोलतो. नांदेडच्या साडूंना हे कुणी न शिकवता कळलं.

धाराशिवचे गुरुजी

एक शंका. वेळ अमावस्येला (आमच्याकडचा शेतात जेवायचा सण) काय करायचं? मी आणि माझा भाऊ, दोघं पथ्यावर. शेतात कोपीखाली बसलो. समोर भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. भाऊ म्हणाला, "आज सूट." मी म्हणालो, सूट कशाला? भज्जीत ओली तूर, वाटाणा, ओला हरभरा, मेथी, गाजर, सगळं आहे. आमच्या आज्यांनी कागद न वाचता अर्धं ताट भाजीचं केलंच होतं. खीर तेवढी वाटीभर घेतली. भावानं तीन वाट्या घेतल्या. माझ्यादेखत. मी काही बोललो नाही, पण नऊ वाजता फोन करणारा साडू मी नव्हे. माझ्याच्यानं राहवलं नाही, घरी येताना सुनावलं. चार दिवस त्यानं ताट दाखवलं नाही.

परभणीकरीण

गुरुजी, चार दिवसांत परत दाखवलं ना? मग चाललं.

काहींनी विचारलंय, नवऱ्यावर एवढा राग का. राग नाही हो. ते वाढतात कारण त्यांच्या आईनं त्यांना प्रेम तसंच शिकवलं. वाढायचं काम मी आता त्यांच्याकडेच दिलंय, फक्त कोशिंबिरीचं. काकडी इतकी बारीक चोचवतात की खायला पाऊण तास लागतो, तोवर भाकरीची आठवण जाते.

वसमतच्या मावशी, तुमचं वाचून मैत्रिणीला माझ्या गोळीचं नाव लिहून दिलं. सध्या एकच आहे, तीही साधी, तरी दिलं. तिनं तिचं दिलं.

उद्या ती रजेवर आहे, लेकीला आणायला गेलीय. म्हणजे माझा डबा मलाच. मेथी निवडून ठेवलीय. झाकण उलटं करून बघणारं टेबलावर कोणी नाही, बघू आता रात्री तेलाची बुधली किती वाकडी होते ते.